उन्हाने बिघडलेला डीएनए रात्रीत दुरुस्त होतो का?

हर्णैला मासळी वाळत घालायचं तुमचं काम, दिवसभर पाठीवर ऊन. आणि 'बिघडलं तरी शरीर रात्रीत दुरुस्त करतं' हे खरं का, असं विचारलंय. दुरुस्ती होते, पण रात्रीत पुरी होत नाही.

उन्हातले अतिनील किरण त्वचेच्या पेशीत पोचले की डीएनएच्या एकाच धाग्यावरची शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. ही अक्षरं म्हणजे डीएनएचे रासायनिक घटक; चिकटतात ती बहुतेकदा दोन थायमिन ('टी'), कधी जोडीत सायटोसिन ('सी') असतं. धाग्याला तिथे बाक येतो आणि डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम अडखळतं. हा बाक एक्सपीसी नावाचं प्रथिन हुडकतं. थायमिनच्या जोडीचा बाक किरकोळ, म्हणून त्याला डीडीबी२ या दुसऱ्या प्रथिनाची मदत लागते. मग एक्सपीबी आणि एक्सपीडी ही एन्झाइमं तिथले दोन धागे सुटे करतात, एक्सपीएफ आणि एक्सपीजी बिघाडाच्या अलीकडे-पलीकडे काप घेतात. साधारण २४ ते ३२ अक्षरांचा तुकडा गळून पडतो. समोरच्या शाबूत धाग्यावर बघून पॉलिमरेज नवी अक्षरं भरतं आणि लायगेज सांधा जोडतं. ही एन्झाइमं जन्मतःच सदोष असली तर झीरोडर्मा पिगमेंटोसम हा आजार होतो. अशा मुलांना लहानपणीच त्वचेचा कर्करोग गाठतो.

अडचण वेगाची आहे. या जोड्यांपैकी बऱ्याच २४ तासांनंतरही तशाच असतात, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा उन्हात. जोडीत सायटोसिन असलं तर ते दुरुस्तीची वाट बघताना युरॅसिलसारखं होऊन बसतं, आणि युरॅसिल नक्कल करताना 'टी'सारखं वाचलं जातं. तेवढ्यात पेशी विभागली की 'सी'च्या जागी 'टी' कायमचा छापला जातो. पी५३ जनुकात असा बदल झाला की बिघडलेल्या पेशीला थांबवणारा पहारेकरीच जातो.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की तुमच्या दारच्या माडाकडे फोटोलायेज नावाचं एन्झाइम आहे, कित्येक माशांकडेही आहे. निळ्या उजेडाची ताकद वापरून ते चिकटलेली जोडी न कापता जागेवरच सोडवतं. माणसाकडे ते नाही.

म्हणून बिघाड कमी होऊ देणं हाच उपाय. उलथापालथीचं काम अकराच्या आधी किंवा तीननंतर करा. गडद, घट्ट विणीचा पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. पांढरा पातळ सुती कपडा घामाने भिजला की त्यातून किरण जास्त आत येतात. मान, कान आणि खालचा ओठ हमखास उघडे राहतात, तिथे एसपीएफ ३०चं सनस्क्रीन मलम दर दोन तासांनी लावा. महिनाभर न भरणारा चट्टा दिसला तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.