‘त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठेवा’

प्रश्न : ताई, नमस्कार. गेली नऊ वर्षं मी नियमित योगवर्गाला जाते. आमचा हॉल रोज झाडून-पुसून ठेवणाऱ्या बाईंनी एकदा सरांना विचारलं, “मलाही शिकवाल का?” सर लगेच हो म्हणाले. पण वर्गातले तिघे-चौघे म्हणाले, “शिकवा ना, पण त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठेवा.” मला राग आवरला नाही. सगळ्यांसमोर बोलले. नंतर सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “आपण इथे मन शांत करायला येतो, बाकीचे विषय बाहेर ठेवायचे. नऊ वर्षांनंतरही एवढा राग येतो म्हणजे अभ्यास कच्चा आहे.” त्या बाईंनी पुन्हा विचारलंच नाही. खरंच माझा अभ्यास कच्चा आहे का? आणि सामाजिक न्याय हा योगाच्या बाहेरचा विषय आहे का?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी पतंजलींच्या योगसूत्रांचं दुसरं प्रकरण पुन्हा उघडून बसले. त्यांत एकूण सुमारे १९५ सूत्रं आहेत आणि आसनाबद्दल थेट बोलणारी त्यात जेमतेम तीन. आठ अंगांत आसनाचा नंबर तिसरा. त्याआधी यम (दुसऱ्यांशी वागण्याची व्रतं) आणि नियम (स्वतःला लावायची शिस्त), आणि यमांत सर्वांत पहिली अहिंसा. माणसानं दुसऱ्याशी कसं वागायचं इथूनच योगाची सुरुवात होते. तेव्हा तो ‘बाहेरचा विषय’ कसा?

यमांच्या लगेच पुढचं, २.३१ (दुसऱ्या प्रकरणातलं एकतिसावं) हे सूत्र सांगतं की जाती, देश (म्हणजे ठिकाण), काल आणि समय (म्हणजे प्रसंग किंवा संकेत) यांनी न तोडलेले यम हेच सार्वभौम महाव्रत. इथला ‘जाती’ हा शब्द दाखवून ‘बघा, पतंजली जातिभेदाविरुद्ध होते’ असं सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. या सूत्रांवरची व्यासांची जुनी टीका, म्हणजे व्यासभाष्य, त्यात उदाहरण आहे कोळ्याचं. तो फक्त माशांना मारतो, इतर प्राण्यांना नाही. म्हणजे तिथे जाती म्हणजे प्राण्यांची जात. ओढूनताणून अर्थ लावायची गरजच नाही, कारण पुढची उदाहरणं तुमच्या वर्गाला जशीच्या तशी लागू पडतात. ‘तीर्थाच्या ठिकाणी मारणार नाही’ ही झाली देशाने बांधलेली अहिंसा. ‘चतुर्दशीला मारणार नाही’ ही काळाने बांधलेली. आता सांगा, हॉलमध्ये, सकाळचा एक तास, मॅटवर बसून पाळलेली अहिंसा याहून वेगळी आहे का? व्रत आहे, पण तुटलेलं.

त्यानंतर २.३४. हे सूत्र मी गेली वीस वर्षं शिकवते आहे आणि दर वेळी मलाच अवघडल्यासारखं होतं. हिंसा तीन तऱ्हांची : कृत, कारित, अनुमोदित. आपण केलेली, दुसऱ्याकडून करवलेली, आणि ‘बरोबर आहे’ म्हणून मान डोलावलेली. तिन्हींच्या मागे लोभ, क्रोध किंवा मोह. व्यास तर हिशेब करत करत ८१ प्रकारांपर्यंत जातात. त्यातली मोहाची व्याख्या बघा : ‘यानं मला पुण्य लागेल’ असं वाटून केलेली हिंसा. आपली शुद्धता, आपल्या साधनेचं पावित्र्य जपतोय असं मनापासून वाटणारी माणसं एखाद्या बाईला दाराबाहेर ठेवतात, तेव्हा तो मोह असतो. आणि बाकीचा वर्ग खाली बघत गप्प बसतो तेव्हा, माझ्या मते, तेही अनुमोदनच.

सर एका बाबतीत चुकले नाहीत. क्रोधाचं नाव याच सूत्रात आहे. रागाच्या भरात तुम्ही त्या तिघा-चौघांना टोचून, लाजवून बोलला असाल तर तेवढ्यापुरतं तपासा. पण राग येणं आणि रागानं इजा करणं या दोन गोष्टी आहेत. शिवाय सूत्रात तीन कारणं असताना तुमचा राग तेवढा दिसावा आणि समोरच्यांचा मोह दिसू नये, हे न्यायाचं झालं नाही. ‘उपेक्षा’ शब्दानंही असाच घोळ होतो. १.३३ मध्ये सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल आनंद आणि अपुण्याबद्दल उपेक्षा सांगितली आहे. मनात वैर धरू नका, एवढाच तिचा अर्थ. दुःखी माणसाकडे पाठ फिरवा असं तिथे कुठेही नाही. त्या बाईंच्या वाट्याला उपेक्षा नव्हे, करुणा येते.

माझं सांगते. माझा वर्ग पहाटे सहाचा असायचा. सगळ्यांना येता येईल असं मी अभिमानानं सांगायचे. एकदा घरकाम करणाऱ्या एका ताईंनी विचारलं, “सहाला मी दुसऱ्या घरी भांडी घासत असते, मी कधी येऊ?” मी कुणाला नाही म्हटलं नव्हतं, पण वेळ निवडतानाच किती जणींना नाही म्हणून बसले होते! दुपारी तीनचा वर्ग सुरू केला. तो सगळ्यांसाठी होता, आणि सकाळच्याही काही जणी तिकडे आल्या. तुमच्याकडच्या ‘वेगळी वेळ’मध्ये आणि यात फरक आहे तो हाच : वेळ कुणाच्या सोयीची, आणि शेजारी कोण बसणार.

परंपरेत सगळ्यांना आत घेणारा आणि दार लावणारा, असे दोन्ही धागे आहेत हेही लक्षात घ्या. दत्तात्रेययोगशास्त्र हा हठयोगावरचा जुना ग्रंथ म्हणतो, ब्राह्मण असो, श्रमण असो, बौद्ध, जैन, कापालिक किंवा चार्वाक असो, श्रद्धेनं अभ्यास करील त्याला सिद्धी मिळेल. आणि १९३०च्या दशकात म्हैसूरला योगगुरू कृष्णम्माचार्यांनी परदेशातून आलेल्या इंद्रा देवी या बाईंना आधी शिकवायला नकार दिला होता. म्हैसूरच्या महाराजांनी शब्द टाकल्यावर दार उघडलं. कुणीतरी शब्द टाकावा लागतो.

तुम्ही आता एक करा. सरांशी वाद नको. त्या बाईंना स्वतः भेटा, “उद्या माझ्या शेजारी मॅट टाकूया का?” असं विचारा. त्यांची इच्छा असेल तरच, कारण सगळ्यांच्या नजरा त्यांनाच झेलायच्या आहेत. त्या हो म्हणाल्या तर आधी सरांना कळवा. ते आधीच हो म्हणाले होते याची आठवण द्या.

प्रश्न : लहानपणी पोलिओ झाल्यानं माझा डावा पाय बारीक आहे. दोन वर्गांत ‘तुम्ही नुसता प्राणायाम करा’ असं सांगितलं. आसनं माझ्यासाठी नाहीतच का?

उत्तर : आहेत. हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात तरुण, वृद्ध, अतिवृद्ध, आजारी, दुर्बळ अशी यादीच देऊन सांगितलं आहे की आळस न करता अभ्यास केला तर कुणालाही साधतं. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार स्वतः लहानपणी क्षयानं, मलेरियानं खंगलेले होते. दोर, पट्टे, लाकडी विटा, खुर्च्या ही साधनं त्यांनी रुजवली ती आसन माणसापर्यंत आणण्यासाठी. तेव्हा साधनं वापरून शिकवणारे शिक्षक शोधा. उभ्या आसनांना पाठीमागे भिंत घ्या, हाताखाली वीट किंवा खुर्ची. डाव्या पायाची ताकद आणि गुडघ्याची स्थिती फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या आणि ते शिक्षकांना सांगा. वर्ग ठरवण्याआधी फोनवर विचारा : पायऱ्या किती, कठडा आहे का, भिंतीजवळची जागा रोज मिळेल का. उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात यावरून तुम्हाला बरंच कळेल.