रोबोटवर हात बसवताना

रोबोटिक सर्जरी शिकताना कन्सोलवर, म्हणजे सर्जन जिथे बसून रोबोटचे हात चालवतो तिथे, बसायची घाई करू नकोस. आधी पेशंटशेजारी उभं राहून असिस्ट कर. पोर्ट (अवजारं आत न्यायच्या नळ्या) कुठे घालायचे, रोबोटचे हात एकमेकांवर कुठे आपटतात, हे तिथेच कळतं. (दा विंची या सर्जरीच्या रोबोटला अमेरिकेत 2000 मध्ये मान्यता मिळाली, तरी 'ऑपरेशन मशीनच करतं' असं समजणारे नातेवाईक अजून भेटतात. त्यांना नीट समजावून सांग.)

खरी गोम स्पर्शाची. जुन्या मॉडेलांत हाताला ताण जाणवतच नाही. टिश्यू पांढरा पडतोय का, धागा किती ताठ झालाय, हे डोळ्यांनीच ओळखायचं. नाहीतर गाठ मारता मारता बारीक धागा तटकन तुटतो. म्हणून सिम्युलेटरवर गाठींचा सराव भरपूर कर. अवजार नजरेआड गेलं तर ते हलवू नकोस, आधी कॅमेरा तिकडे ने. मनगट अवघडलं की क्लच दाबून (तेवढा वेळ अवजार हलत नाही) आपला हात सोयीच्या जागी आण.

डॉक केल्यावर, म्हणजे रोबोटचे हात पोर्टना जोडल्यावर, पेशंटचं टेबल हलवायचं नाही. रोबोटशी जोडलेलं खास टेबल असेल तर गोष्ट वेगळी. आणि ओपन सर्जरी सोडू नकोस. रक्तस्राव आवरेना तर पोट उघडावंच लागतं. अशा वेळी रोबोट कोण बाजूला घेणार, हे पहिली चीर देण्याआधीच टीमशी बोलून ठेव.