‘नागरी अवकाश’ की ‘वावर’?

परभणीकडच्या एका कार्यकर्तीनं विचारलंय : ‘सिव्हिक स्पेस’साठी, म्हणजे लोकांनी जमणं, बोलणं, संघटना काढणं यासाठी असलेल्या जागेसाठी, आम्ही ‘नागरी अवकाश’ लिहितो, पण गावच्या बैठकीत ते कुणाला कळत नाही. दुसरा शब्द आहे का?

कळणार तरी कसं? ‘नागरी’ म्हटलं की नगरपालिकेचे नळ आठवतात, ‘अवकाश’ म्हटलं की यान. ‘वाव’ आणि ‘मोकळीक’ सोपे आहेत, पण दोन्ही कुणीतरी द्यावे लागतात. जमणं, बोलणं, संघटना काढणं हे तर राज्यघटनेच्या कलम १९ मधले हक्क आहेत.

मी ‘वावर’ सुचवेन. तो वावर म्हणजे चारचौघांत वावरणं. ते वावर म्हणजे आपल्या मराठवाड्यात शेत. ‘लोकांचा वावर आवळत चाललाय’ म्हटलं की शेजाऱ्यानं दरसाल थोडाथोडा बांध कोरावा तसं काहीतरी चाललंय, हे इथं लगेच ध्यानात येतं. लेखी मजकुरात आवळण्यासाठी ‘संकोच’ चालेल, ‘स्वातंत्र्याचा संकोच’ रूढच आहे. बैठकीत मात्र टाळा; तिथं संकोच म्हणजे लाजणं.

आपल्या भागाला हा अनुभव जुना आहे. निजामाच्या राज्यात ‘गश्ती निशान ५३’ या सरकारी परिपत्रकामुळे परवानगीशिवाय जाहीर सभा घेता येत नसे. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर स्थापनेआधीच बंदी आली. तेव्हाचा शब्द साधा होता : सभाबंदी. आज ‘जमावबंदी’ सगळ्यांना माहीत आहे. जिथं नेमकी बंदी सांगायची, तिथं हेच शब्द वापरा.

याचा विकासाशी काय संबंध, असंही या कार्यकर्तीला गावात विचारतात. रोजगार हमीचं मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट घ्या. सामाजिक अंकेक्षणात, म्हणजे गावानं केलेल्या हिशेबतपासणीत, ते ग्रामसभेत मोठ्यानं वाचलं, की ऊसतोडीला गेलेल्या माणसाची हजेरी लागलेली उघडी पडते. पण ‘हा तर तिकडं होता’ म्हणणाऱ्यालाच गुन्ह्याची भीती असेल तर रस्ता कागदावरच होतो आणि मजुरी भलत्याच्या खात्यात जाते. मस्टरची प्रत मागायची सोयही अरुंद झाली आहे : २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातली, ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून माहिती नाकारायची पळवाट रुंदावली. मजुरांची नावं वैयक्तिक ठरवून नाकारली, तर हिशेब तपासायचा कसा?

तेव्हा अहवालाच्या मथळ्यात ‘नागरिकांच्या वावराचा संकोच’ लिहा. पत्रकावर मात्र सरळ : ‘जमणं, बोलणं, हिशेब मागणं अवघड होत चाललंय.’