बोल्ड केलं की हेडिंग काळंकुट्ट का होतं?

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या गणपतीची पत्रिका मीच कॉम्प्युटरवर करते. मजकूर बरा दिसतो पण हेडिंग बोल्ड केलं की 'प्राणप्रतिष्ठा'मधला ष्ठ नुसता काळा ठिपका होतो, आणि 'शुभेच्छुक'मधला श तर हिंदी पेपरातला वाटतो. फॉन्ट चांगला की वाईट हे ठरतं कशावरून?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, माझ्या मते ते अक्षराच्या पोटातल्या मोकळ्या जागेवरून ठरतं, नक्षीवरून नाही. फॉन्टला स्वतःचा बोल्ड नसेल आणि तुम्ही बोल्डचं बटण दाबलंत तर सॉफ्टवेअर आहे त्याच रेघा सरसकट फुगवतं, मग ष्ठ सारख्या गर्दीच्या जोडाक्षरात आतली जागा बुजणारच ना. खरा बोल्ड काढणारा डिझायनर अक्षराची उभी रेघ (दंड) जाड करतो पण दाटीच्या जागी रेघ मुद्दाम बारीक ठेवतो, गाठी उघड्या ठेवतो. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' बघा, फुकट आहे आणि त्यात हलक्यापासून अगदी जाडपर्यंत सात वजनं (म्हणजे रेघेच्या जाड्या) वेगवेगळी काढलेली आहेत.

फॉन्ट चांगला असूनही आपणच त्याची वाट लावतो ते वेगळंच. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते (दुकानांच्या पाट्यांवर हे बघून माझं डोकं फिरतं), आणि ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर जाऊन बसतो. तेवढं जरा सैल सोडा.

आता तुमचा श. मराठीत गाठीचा श आणि पाकळीचा ल, आणि 2009 च्या सरकारी जीआरमध्येही तेच आहे, पण युनिकोडमध्ये (कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला जो ठरलेला क्रमांक देतो त्या पद्धतीत) मराठी-हिंदी दोन्हीला कोड एकच, त्यामुळे बरेच फॉन्ट आधी हिंदी वळणच दाखवतात. नोटो सान्स देवनागरीसारख्या काही फॉन्टांत मराठी रूपं आत दिलेली असतात, मजकूर सिलेक्ट करून भाषा मराठी लावली की ती येतात, पण सगळीच सॉफ्टवेअरं ऐकत नाहीत, तेव्हा आधी एक ओळ टाइप करून बघा. आणि प्रेसवाल्याला पीडीएफच द्या हां, नुसती वर्ड फाइल दिलीत आणि त्याच्याकडे तो फॉन्ट नसला तर भलताच कुठलातरी लागून छापून येईल.