शेजारच्या मुलांसाठी फोन करावा का?

प्रश्न : आमच्या भाटातील (बागायतीतील) खोल्यांत एक परप्रांतीय कुटुंब भाड्याने राहते. वडील दारूच्या आहारी गेले आहेत आणि आई औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाते. नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळते, स्वतः भात शिजवते आणि त्यापायी तिची शाळा वारंवार बुडते. मारहाण आमच्या पाहण्यात नाही. तक्रार केल्यास मुलांना आईपासून तोडतील, या भीतीने आम्ही गप्प आहोत. काय करावे?
— एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर : आपण गप्प राहू नये, असे मला मनापासून वाटते. मारहाण दिसत नाही म्हणून थांबणे योग्य नव्हे, कारण गोवा बाल कायदा, 2003 मधील छळाच्या व्याख्येत मुलांकडे होणाऱ्या दुर्लक्षाचाही समावेश आहे आणि भाडेकरू परप्रांतीय असल्याने त्यांच्या मुलांचे संरक्षण तसूभरही कमी होत नाही.

आपली भीती मी समजू शकते. परंतु 2015 च्या बाल न्याय कायद्याचे तत्त्वच असे आहे की मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची असून संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय होय. हे घर अजून सावरण्याजोगे आहे. आई कष्ट करते आहे आणि तिला हवा आहे तो आधार. म्हणून आधी तिच्याशीच बोलावे, तेही पाळी सुटल्यावर आणि नवरा घरी नसताना. धाकटा सहा वर्षांच्या आतला असल्यास त्याचे नाव अंगणवाडीत आहे का, हे विचारावे. तो काही तास तिथे राहिला, तर मुलीला शाळेत जायला वाव मिळेल. तिच्या वर्गशिक्षिकेच्या कानावरही ही गोष्ट घालावी, कारण हजेरीपटावरील खाडे त्यांच्यासमोर असले तरी त्यांचे कारण बहुधा त्यांना ठाऊक नसते.

एवढ्याने भागले नाही, तर मुलांसाठीच्या मदतवाहिनीच्या 1098 या क्रमांकावर फोन करावा. तो निःशुल्क असून चोवीस तास चालू असतो. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे कर्मचारी घरी येऊन परिस्थिती पाहू शकतात, वडिलांना व्यसनमुक्ती उपचारांकडे वळवू शकतात, आणि अल्प उत्पन्नाचे कुटुंब अटींत बसत असल्यास मिशन वात्सल्य योजनेखाली मुलामागे दरमहा 4,000 रुपयांचे साहाय्यही मिळू शकते. प्रकरण मुलांच्या देखभालीबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे गेलेच, तर समिती सामाजिक तपासाचा अहवाल पाहते आणि मुलांचे म्हणणे ऐकते. शेजाऱ्याच्या एका फोनवर मूल उचलून नेले जात नाही.

एका बाबतीत मात्र थांबण्याची मुभा नाही. लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे. अशा वेळी मुलीची उलटतपासणी घेऊ नये. ती आपणहून बोलली, तर तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत आणि "कुणाला सांगणार नाही" असे वचन तिला देऊ नये. वाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही यातले काहीच जाऊ देऊ नये.