कोळी चावला, पण जखम चिघळली कशाने?

प्रश्न : माझ्या सासूबाईंना (वय ६२, मधुमेह आहे) सहा दिवसांपूर्वी माळ्यावरची अडगळ आवरताना पोटरीला काहीतरी चावले. तेथे कोळी दिसला होता. पहिल्या दिवशी नुसती लाल गांधी होती व खाज सुटत होती, म्हणून आम्ही चुना लावला. औषधाच्या दुकानातून अॅमॉक्सिसिलिनच्या गोळ्या आणून तीन दिवस दिल्या. आता मध्यभागी पिवळे तोंड आले असून भोवतालची कातडी लाल व गरम लागते. गोळ्या बदलून घ्याव्यात का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : गोळ्या बदलण्याआधी पाय डॉक्टरांना दाखवावा, आणि तो आजच दाखवावा, मधुमेही व्यक्तीच्या पायातील पू उद्यावर ढकलू नये.

प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, कोळ्याच्या विषावर नाही. चावल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत येणारी लाली आणि खाज ही बहुधा शरीराची प्रतिक्रिया असते; तेव्हा साबणाने धुणे, थंड पाण्याची घडी ठेवणे आणि पाय उंच ठेवणे एवढे पुरते. जंतुसंसर्ग होतो तो पुढे, आणि त्याचे जिवाणू बहुतेक वेळा आपल्याच त्वचेवरचे व नखांतले असतात. खाजवलेल्या कातडीतून त्यांना वाट मिळते. चुना तर कातडी भाजतो. तो लावू नये.

तुमच्या वर्णनावरून हे गळू दिसते. साचलेल्या पुवापर्यंत औषध नीट पोहोचत नाही, त्यामुळे लहानशी चीर देऊन त्याचा निचरा करणे हाच येथे मुख्य उपचार ठरतो. गोळ्या त्याच्या जोडीला. असे गळू करणारे स्टॅफिलोकोकस जिवाणू पेनिसिलीन गटातील औषध निकामी करणारे विकर बहुधा बनवतात, म्हणून नुसत्या अॅमॉक्सिसिलिनने गुण आला नाही यात नवल नाही. डॉक्टर सेफॅलेक्सिन किंवा क्लॅव्हुलॅनिक आम्लाची जोड असलेले अॅमॉक्सिसिलिन देतील, किंवा जिवाणू त्यांनाही दाद देणार नाहीत अशी शंका आल्यास पुवाची तपासणी करून डॉक्सिसायक्लिन वा क्लिंडामायसिनसारखे औषध निवडतील. रक्तातील साखर तपासून घ्यावी आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती तेही सांगावे.

निघण्यापूर्वी लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून बाजूला वेळ लिहावी. लाली रेघ ओलांडून पसरली, थंडी वाजून ताप आला, जांघेत अवधाण आले किंवा पायावर तांबडी रेघ वर चढू लागली, तर थेट रुग्णालय गाठावे.

आता कोळ्याविषयी. माळ्यावर कोळी दिसला म्हणजे तोच चावला असे होत नाही, आणि आपल्याकडे त्या बिचाऱ्याच्या नावावर बरेच काही खपते. पावसाळ्यात मानेवर भाजल्यासारखा पट्टा उठला की ‘कोळी मुतला’ म्हणतात. तो बहुधा ट्यूबलाइटकडे येणाऱ्या एका बारीक भुंगेऱ्याचा रस असतो आणि त्याला प्रतिजैविक लागत नाही. उलट ताप आणि न दुखणारी काळी खपली एकत्र दिसली, तर स्क्रब टायफसचा विचार करावा लागतो. २०१८ साली विदर्भात त्याची साथ आली होती. हा आजार बारीक किड्याची अळी चावल्याने शरीरात शिरणाऱ्या जिवाणूंमुळे होतो आणि त्यावर डॉक्सिसायक्लिन वेळेवर दिल्यास उत्तम लागू पडते; अॅमॉक्सिसिलिनचा त्यावर उपयोग होत नाही.

दवाखान्यात जाताना संपलेल्या गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे. कोणते औषध किती ताकदीचे घेतले, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतील.