वॉरंटी संपल्यावर कार शोरूमऐवजी बाहेरच्या गॅरेजला द्यावी का? सर्व्हिस सेंटरचं बिल दरवेळी फुगतंय.

खुशाल द्या, फक्त आधी ऑइल-फिल्टर बदलण्यासारखं छोटं काम देऊन मेकॅनिकचा हात बघा. डीलरकडचं बिल फुगतं ते मुख्यतः जोडकामांमुळे: इंजिन डीकार्बनायझिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग. मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर म्हणून काम केलंय. या जोडकामांचं महिन्याचं टार्गेट असतं. ओनर्स मॅन्युअलमधला सर्व्हिसचा तक्ता काढा, यातलं बहुतेक काही तिथे सापडणार नाही. कुठेही गेलात तरी जॉब कार्डवर सही करण्याआधी ‘विचारल्याशिवाय जादा काम नको’ असं लिहून घ्या, नव्या पार्टच्या पाकिटावरची एमआरपी बिलाशी ताडून बघा आणि जुना पार्ट परत मागा. तो मागितला की निम्मी कामं आपोआप गळतात!

वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र घाई नको. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असं भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये कार कंपन्यांना बजावलं होतं. तरी क्लेमच्या वेळी भांडत बसावं लागतं. एअरबॅग, ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) आणि रिकॉलची, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीनेच गाड्या परत बोलावल्या असतील ती, कामं अधिकृत सेंटरलाच द्या. रिकॉलचे पैसे लागत नाहीत.